परत कशावरून येणार?

काचेपलीकडच्या बाईनं आत्याला नेमकं काय काय विचारलं ते मला अजून धड माहीत नाही. मी बाहेर होते, मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीबाहेरच्या फुटपाथवर, एका हातात तिची औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात आमचे दोघींचे मोबाइल आणि डोक्यावर ऊन. आत मोबाइल नाही, पिशवी नाही, भाची नाही. त्यामुळे आत जे झालं ते आत्याच्या तोंडूनच कळलं आणि तेही हप्त्याहप्त्यानं, थोडं रिक्षात, थोडं गाडीत, आणि घरी आल्यावर शेजारच्या कोकिळाबेनना सांगेपर्यंत तर ती ऑफिसर आत्याच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिली होती. पण एक वाक्य मात्र दर वेळी जसंच्या तसं, त्यात काना-मात्रेचा फरक नाही. "तिनं विचारलं, इथे तुमचं कोण बघतं? मी म्हटलं, कोणी नाही, माझं मीच बघते."

व्हिसा मिळाला. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे मिळाला आणि तिथल्या तिथे हातात परत दिला म्हणजे गेला, हे एव्हाना अख्ख्या गुजरातला पाठ आहे. दुलीरामचे पेढे वाटून झाले, सगळे खूश. मीच काय ती आतून धुसफुसत होते. कोणी नाही म्हणजे? गॅसचं केवायसी कोणी केलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात कोण बसलं होतं, बडोद्यात माझ्या मांजलपूरहून तिच्या दांडिया बाजारपर्यंत स्कूटरवर डबे कोण आणतं? बरं, हे तिला विचारायची पण सोय नाही, कारण विचारलं की ती म्हणणार, अगं मग काय तुझं नाव सांगायचं होतं का तिला, ती काय तुला ओळखते? आणि कोण जाणे, कदाचित त्याच उत्तरानं काम झालं असेल. म्हणजे माझी पाच-दहा वर्षांची धावपळ त्या काचेसमोर एका वाक्यात रद्द झाली आणि त्याबद्दल मी पेढा खाल्ला.

सुरुवात झाली आतेभावाच्या फोननं. तो न्यू जर्सीत, एडिसनला, आता तिथला सिटिझन. त्याच्या मुलीला दिवस गेले होते, म्हणजे आत्याला पणतवंड. इतकी वर्षं आत्यानं अमेरिका टाळली होती, आधी काकांचं आजारपण, मग करोना, मग गुडघे. पणतवंडं म्हटल्यावर गुडघे दुखायचे थांबले. भाऊ म्हणाला, घाई करू नका, आईला ऐंशी पूर्ण होऊ देत, त्या वयाच्या पुढे इंटरव्ह्यू लागत नाही, नुसते कागद दिले की झालं. खरंच होता तसा नियम. श्रावणात आत्याला ऐंशी पूर्ण झाली, आम्ही औक्षण केलं, आणि 2 सप्टेंबर 2025 पासून त्यांनी ती सवलतच काढून टाकली. आता चौदाच्या आतलं पोर असो नाहीतर ऐंशीची म्हातारी, बहुतेकांना खिडकीसमोर जायचंच. आत्या म्हणाली, "बघ, मी म्हातारी व्हायची वाटच बघत होते मेले."

पण त्याच्या आधी, आत्या म्हणजे मुळात कोण हे ठरवायला लागलं. ही बडोद्याची जुनी भानगड आहे आणि ती आपल्याकडच्या प्रत्येक घरात आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती कुमुद. लग्नात तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं ते विजया, म्हणून पॅन कार्डावर विजया. आधार कार्ड काढताना समोरच्या मुलानं स्वतःच्या संस्कारानुसार पुढे बेन लावलं, कारण इथे बाईच्या नावाला बेन आणि बाप्याच्या नावाला भाई लावल्याशिवाय सरकारी माणसाचं बोटच उठत नाही की-बोर्डवरून. माझे बाबा वसंतभाई म्हणूनच रिटायर झाले, चार पिढ्यांचे मराठी असून. बँकेच्या पासबुकात नुसतं व्ही. लाइटबिल अजून काकांच्या नावावर, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी वीज कंपनीच्या लेखी ते घरात पंखा लावून बसलेलेच आहेत. आणि सिटी सर्व्हेच्या कागदावर तर "विजयाबेन ते" आणि मग काकांचं पूर्ण नाव आणि मग "नी विधवा". तो कागद मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला कसंसंच झालं. आत्याला काही नाही. चष्मा वर करून बघितलं न् म्हणाली, "जागा किती लिहिलीय ते बघ आधी."

मग कोठी कचेरीबाहेर नोटरीकडे. टिनाचं टेबल, त्यावर काच, काचेखाली देवांचे फोटो आणि एक जुनं कॅलेंडर, बाजूला कॉम्प्युटरवाला मुलगा ज्याला सोगंदनाम्याचा, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा, मसुदा तोंडपाठ, फक्त नावं बदलायची. कुमुद, विजया आणि विजयाबेन या तिन्ही एकच व्यक्ती आहेत असं शपथेवर लिहून द्यायचं. नोटरी वयस्कर होते, त्यांनी चष्म्यावरून आत्याकडे बघत विचारलं, "माजी, आ त्रणे तमे पोते ज ने?" म्हणजे या तिन्ही तुम्हीच ना? आत्या म्हणाली, "हजु सुधी तो हुं ज छुं." अजून तरी मीच आहे. सगळे हसले, त्यांनी शिक्का आपटला, जांभळ्या शाईचा वास आला, शिक्का अर्धा स्टॅम्पवर आणि अर्धा आत्याच्या सहीवर. मराठीत सही करते ती, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली एक रेघ ओढून दोन टिंबं देते. ती टिंबं शिक्क्याखाली गेली म्हणून तिला फार वाईट वाटलं.

एजंटकडे पण गेलो होतो आधी, अलकापुरीत. एसी, भिंतीवर लिबर्टीचा पुतळा, टेबलावर मेपलच्या पानाचा झेंडा, बाहेर आयएल्ट्सच्या, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेच्या, पुस्तकांत तोंड खुपसून बसलेली करजण-पादऱ्याकडची पोरं. तो म्हणाला, माजींचा बॅलन्स कमी दिसतो, आपण तेवढ्यापुरती एफडी दाखवू, माझ्याकडे माणूस आहे. आत्याला ऐकू कमी येतं पण नको ते बरोबर ऐकू येतं. उठलीच. जिन्यात म्हणाली, "स्वतःच्या पोराकडे जायला दुसऱ्याचे पैसे दाखवू होय?" त्यामुळे फॉर्म माझ्याच गळ्यात पडला.

डीएस-160 नावाचा तो व्हिसाचा फॉर्म ज्यांनी भरलाय त्यांना सांगायला नको. वीस मिनिटं हात लावला नाही की तो तुम्हाला हाकलून देतो, आणि आत्याच्या आठवणीला वीस मिनिटं म्हणजे नुसती प्रस्तावना. मी लॅपटॉप घेऊन तिच्या माजघरात बसलेली, ती समोर पाटावर, मांडीवर कापूस, वाती वळतेय. वडिलांची जन्मतारीख काय? "अगं ते रथसप्तमीचे." साल? "प्लेगच्या नंतरचे." मग माझ्या आजोबांच्या लहानपणची सगळी गोष्ट, बाजवाड्यातलं घर, घोडा, आणि गोष्ट संपेपर्यंत फॉर्म बंद. जन्मस्थळ वडोदरा, राज्य गुजरात असं टाकलं तर ती म्हणाली, "मी जन्मले तेव्हा गुजरात कुठे होता?" बरोबर आहे, 1945 साली इथे गायकवाडांचं राज्य होतं, ते मुंबई राज्यात विलीन झालं 1949 ला आणि गुजरात तर 1960 चा. पण त्या ड्रॉपडाउनमध्ये गायकवाड नाहीत. तुम्ही कुठल्या टोळीचे किंवा कुळाचे आहात का, असा एक प्रश्न असतो, त्यावर ती उत्साहानं गोत्र, प्रवर, कुलदैवत सगळं सांगायला लागली आणि मी मुकाट्यानं "नाही"वर टिचकी मारली.

आणि मग ते शेवटचे प्रश्न. मी ते तिला वाचून दाखवणार नव्हते, पण तिनंच आग्रह धरला, सही माझी आहे तर मला कळायला नको? म्हणून ऐंशी वर्षांच्या बाईला मी मराठीत एकेक विचारत गेले, तुम्ही दहशतवादी कृत्यं करायला चालला आहात का, कुठल्या नरसंहारात भाग घेतलात का, लहान मुलांना सैन्यात भरती केलंत का, वेश्याव्यवसाय करायचा बेत आहे का. ती प्रत्येकाला शांतपणे "नाही ग" म्हणत वात वळत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "इतकं विचारलं, पण तब्येत कशी आहे ते नाही विचारलं?" विचारलं होतं, संसर्गजन्य रोग आहे का म्हणून. ते तब्येत विचारण्यात धरायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

फोटोला चष्मा चालत नाही, 2016 पासून बंद केलाय. चष्मा काढला की आत्याला कॅमेराच दिसत नाही. रावपुऱ्यातला फोटोवाला म्हणाला, बा, माझ्या आवाजाकडे बघा. दोन इंच बाय दोन इंचाच्या त्या फोटोत ती थोडी डावीकडे, कुणीतरी हाक मारल्यासारखी बघतेय.

भावाचा रोज फोन. "स्ट्राँग टाइज दाखवायला पाहिजेत गं, आई परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे." हे सगळं प्रकरण त्या एका गोष्टीभोवती आहे. त्यांचा 1952 चा इमिग्रेशनचा कायदा आहे, त्यातल्या 214 बी कलमाप्रमाणे पर्यटक म्हणून अर्ज करणारा प्रत्येक माणूस हा तिथे कायमचा राहायलाच चाललाय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची. नाही पटलं तर अपील नाही, पाहिजे तर परत 185 डॉलर भरा, परत रांगेत या. ऐकायला राग येतो. पण माझी चिडचिड जरा उतरल्यावर मला तो प्रश्न तेवढा वाईट वाटेना. परत कशावरून येणार, असं आत्याला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही आपले धरूनच चाललो होतो.

तर टाइज. मी फाइल करायला बसले. काकांच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शन, तिचं स्टेटमेंट. पोस्टातली सर्टिफिकेटं. आणि घर, म्हणजे वाड्यातला तिचा हिस्सा, दोन खोल्या, माजघर आणि वरचा गच्चीलगतचा भाग. बाकी जे तिला खरंच इथे धरून ठेवतं त्याचा कागद निघत नाही. बुधवारचं भजनी मंडळ, ज्यात ती पेटी वाजवते आणि दुसऱ्या कुणालाही वाजवू देत नाही. देवउठी एकादशीचा विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, तो बघायला ती ओट्यावर खुर्ची टाकून तासभर आधी बसते. समोरच्या फरसाणवाल्याशी चाललेलं भांडण, लीलो चिवडो आता पहिल्यासारखा राहिला नाही यावरचं, ते मला वाटतं काका असल्यापासूनचं आहे. आणि कोकिळाबेन. या दोघी सकाळी एकमेकींच्या खिडकीचं दार वाजलं की नाही ते बघतात. वाजलं नाही तर मला फोन येतो.

आता घराची गोष्ट. ज्या घराचा उतारा मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावला, ते घर विकायचं चाललंय. आत्याचे पुतणे, म्हणजे काकांच्या भावाची मुलं, त्यांचा हिस्सा मोठा, ते राहतात गोत्री आणि वाघोडिया रोडला, त्यांना वाड्यात काही राम नाही. बिल्डर येऊन गेला, मापं घेऊन गेला. त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही, लाकूड पोखरलंय, पावसाळ्यात जिन्याखाली बादल्या लावायला लागतात, आणि दांडिया बाजारातल्या जागेला आज जो भाव आहे तो उद्या असेलच असं नाही. पण आत्या सही करत नव्हती. म्हणून सगळे थांबलेले. आणि मला फाइल पंच करताना एकदम लक्षात आलं, की आत्या अमेरिकेला जावी असं सगळ्यांनाच फार मनापासून वाटतंय. पुतण्यांना वाटतंय, सहा महिने तरी ओट्यावर कोणी बसलेलं नसेल. भावाला वाटतंय, एकदा आली की राहील. आणि मला?

मला पण वाटत होतं.

हे असं लिहायला बरं वाटत नाही, पण रात्री साडेअकराला फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो आणि मग स्क्रीनवर कंपनीचा मेसेज दिसला की हायसं वाटतं, असं चार-पाच वर्षं झालं की माणसाला कशाचीही हौस वाटायला लागते. माझ्याकडे मांजलपूरला टू बीएचके आहे. मागची खोली मुलगा पुण्याला गेल्यापासून इस्त्रीची झालीये. आत्याला तिथे राहायला ये असं मी कधी म्हटलेलं नाही. तिनंही कधी विचारलेलं नाही. ती येणार नाही हे मला माहीत आहे, हे माझं नेहमीचं कारण. आणि अशी मी, आठ-आठ कागद लावून कोणाला तरी पटवत होते की हिला परत यायचंय. हिला इथे परत घ्यायचंय की नाही, हे कोणी विचारत नाही. तो कॉलमच नाही फॉर्ममध्ये.

त्या दिवसांत कमाटीबागेत सकाळी चालायला जायचे तेव्हा हेच डोक्यात. बडोद्याच्या माणसाला परदेश काही नवा नाही, खुद्द सयाजीराव महाराज 1887 पासून युरोपच्या वाऱ्या करत होते. पण त्यांनासुद्धा परवानगीचा काच होताच. 1900 साली कर्झननं फतवा काढला की संस्थानिकांनी परदेशी जायचं तर व्हाइसरॉयची परवानगी घ्यायची, आणि महाराजांना तो चांगलाच झोंबला होता. म्हणजे एवढ्या राज्याच्या धन्याला पण आधी विचारून जायचं. आणि त्यांनीच 1913 मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन, आणि त्यांच्याकडून करार लिहून घेतला, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. म्हणजे परत येण्याची हमी, कागदावर, सहीनिशी. आणि ते आले की परत, 1917 ला, दिलेला शब्द पाळून. तेव्हा या गावानं त्यांना राहायला एक खोली दिली नाही. पारशी खानावळीत नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि मग ते याच बागेत येऊन बसले. आज तिथे त्यांच्या संकल्पाची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे, 23 सप्टेंबरला गर्दी असते. आत्याच्या दोन खोल्यांची त्या गोष्टीशी तुलना करणं हा वेडेपणा आहे, मला कळतं. जातीचा तो अपमान कुठे आणि आमचं घरगुती रडगाणं कुठे. पण चालताना तिथे पाय रेंगाळायचा. परत येणाऱ्याकडून सगळे लिहून घेतात. परत घेणाऱ्याकडून कोणी काही लिहून घेत नाही.

तारीख मुंबईची मिळाली. जायच्या आधी कोकिळाबेनचा मुलगा अहमदाबादला गेला होता, तो म्हणाला माजींचा पासपोर्ट द्या, खाडियात देसाईनी पोळमध्ये चमत्कारिक हनुमान आहे, लोक त्याला व्हिसा हनुमानच म्हणतात, पासपोर्ट त्याच्यासमोर ठेवून आणतो. आत्यानं दिला नाही. देवावर अविश्वास नाही, मुलाच्या स्कूटरच्या डिकीवर होता. झेरॉक्स पाठवली. रात्रीच्या गुजरात मेलनं निघालो, पहाटे बोरिवलीला उतरलो, नवऱ्याच्या मावसबहिणीकडे पार्ल्यात मुक्काम. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे. आत्याचे ठसे उमटेनात. एवढी वर्षं भांडी, राख, वाती, पेटीच्या पट्ट्या, बोटांवरच्या रेघा गुळगुळीत झाल्यात. तिथली मुलगी गोड होती, ओला टिश्यू दिला, बोट दाबा आजी, अजून दाबा, मग उजवा अंगठा स्वतःच धरून काचेवर टेकवला. आत्या नंतर दिवसभर तो अंगठा बघत होती.

दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू. मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती यातल्या भाषेत बोलता येतं. भाऊ म्हणाला गुजराती सांग, तिला रोजची सवय. मी म्हटलं मराठी. आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून वाद घालत होतो आणि ती शांतपणे लुगड्याला, म्हणजे साडीच ती, पण ती लुगडंच म्हणते, पिन लावत होती. आत जाऊन ती मराठीत बोलली. का, तर "मुंबईत आलेय ना मी". मुंबईत मराठी, बडोद्यात बाजारात गुजराती, देवाशी संस्कृत, आणि काकांवर चिडली की हिंदी, असं तिचं सगळं पहिल्यापासून वाटून दिलेलं होतं.

बाहेर फुटपाथवर माझ्यासारखे खूप. एका बाईनं मुलाला आत सोडलं होतं आणि ती जपमाळ ओढत होती, शेजारी एक आणंदकडचा माणूस कोणालातरी फोनवर सांगत होता की वानकानेर हाउस असताना बरं होतं, ब्रीच कँडीला, समुद्राचा वारा तरी यायचा. त्याला म्हणे तिथे तीनदा नाकारलं होतं, 2011 मध्ये वकिलात इकडे बीकेसीला आली न् चौथ्यांदा इथे मिळाला. त्यानं मला सल्ला दिला, हसतमुखानं बाहेर येणाऱ्याकडे बघू नका, नुसतं हाताकडे बघा, पासपोर्ट हातात आहे का ते. मी बघत राहिले. आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझी ती जाडजूड फाइल होती, पासपोर्ट नव्हता. फाइल कोणी उघडलीच नव्हती. सोगंदनामं, उतारा, पेन्शन, सगळं जसंच्या तसं, रबरबँडसकट. मुलगा काय करतो, आधी कधी गेलात का, किती दिवस राहणार, आणि इथे तुमचं कोण बघतं, एवढंच. दोन-तीन मिनिटं.

आता त्या वाक्याकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. आधी वाटलं होतं की तिनं मला खोडलं. मग वाटायला लागलं की तिनं हुशारी केली, म्हणजे कोणावर अवलंबून नाही असं दाखवलं. आता वाटतं यातलं काहीच नाही, तिला जे माहीत होतं तेच तिनं सांगितलं. मी डबे नेते, गोळ्या आणते, पण ते सगळं स्कूटर स्टँडवर न लावता, गाडी चालूच ठेवून, ओट्यावरून आत डोकावून. तिला दिसत असेलच की.

उत्तरायण झाल्याशिवाय ती हलली नाही. पतंग गच्चीवरून बघायचे, उंधियू खायचं आणि मग. जानेवारीच्या शेवटी गेली. विमानतळावर शिक्का मारून सहा महिने दिले. आता रोज संध्याकाळी, तिची सकाळ, व्हिडिओ कॉल. पणतवंड मुलगी आहे, केस भरपूर, कपाळ आमच्याकडचं. भाऊ तिला ओक ट्री रोडला नेतो, तिथे म्हणे सगळे आपले चरोतर आणि बडोद्याचेच, ती दुकानात गुजराती बोलते, आणि तिथल्या एका बाईनं तिला विचारलं, तमे बडोदाना के? आणि हिनं सांगितलं, हो, दांडिया बाजार, आणि त्या बाई रडायलाच लागल्या, त्यांचं माहेर खारीवाव रोडचं. बर्फ बघितला, आवडला नाही. पेटी नाही म्हणून नातजावयानं छोटा कीबोर्ड आणून दिलाय, त्याला भाता नसल्यामुळे डाव्या हाताचं काय करायचं हे तिला कळत नाही.

आणि गेल्या आठवड्यात भावाची व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. सिटिझन मुलगा आईसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो, आय-130. त्याला आईचं लग्नाचं सर्टिफिकेट हवंय, सोगंदनामं हवंय, आणि जन्माचा दाखला. तू जरा म्युनिसिपालिटीत बघशील का. मी गेले पण. 1945 च्या जन्माच्या नोंदीत नाव नसतं हे मला तिथल्या कारकुनानंच सांगितलं, नुसतं बापाचं नाव आणि पुढे स्त्री जात, मिळालंच तर तसं मिळेल, नाहीतर नोंद नसल्याचा दाखला घ्या आणि त्याच्यावर परत दोन सोगंदनामी करा. म्हणजे कुमुद, विजया, विजयाबेन यांच्याआधीची एक, जिला नावच नाही. मी अर्ज देऊन आले. आईला विचारलंस का, असा मेसेज मी भावाला टाइप केला होता, पाठवला नाही, कारण मग तो मला उलट विचारणार की तू विचारलंस का, आणि पुतण्यांनी मला कालच फोन केला होता, काकू कधी येतायत, की नाही येणार, बिल्डर थांबायला तयार नाही.

मधेच हयातीच्या खराईचं आलं. मे ते जुलै बँकेत जाऊन जिवंत असल्याचं दाखवायचं असतं गुजरात सरकारच्या पेन्शनवाल्यांनी, इथल्या सगळ्यांना माहीत आहे. बँकेतली मुलगी म्हणाली मोबाइलवरून चेहऱ्यानं पण होतं, जीवन प्रमाण, डोळे मिचकावायचे फक्त. काल आत्यानं एडिसनला सोफ्यावर बसून डोळे मिचकावले, भावानं फोन धरला होता, मी इकडून सूचना देत होते. होईना. चष्मा काढ म्हटलं, तर मग तिला फोन दिसेना. शेवटी झालं एकदाचं. मग ती भावाला म्हणाली तू जरा बाळाकडे बघ, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "हे बघ, तिकीट जुलैचंच ठेव म्हणावं त्याला. आणि त्या पोरांना सांग, सहीचं मी आल्यावर बोलू. आणि वरच्या पत्र्याचं बघून घे पावसाच्या आधी, नाहीतर मी काय तुझ्याकडे येऊन राहू?"

ती हसत होती. मी पण हसले. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून म्हटलं पत्रेवाल्याला उद्याच फोन करते. केला, तो रविवारी बघायला येतोय. मागच्या खोलीचं नवऱ्याशी बोलायचंय, पण तो म्हणेल आधी इस्त्री कुठे ठेवणार ते सांग.